झुंबरबाईचं शेंदरी पिस्तूल

धुळ्याच्या कोर्टात मी जिंकलेले खटले लोकांच्या लक्षात नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझ्याही फारसे नाहीत. पण हातात आलेला एक खटला मी जाणूनबुजून हरलो, तो मात्र अजून डोक्यातून जात नाही. अशील होती झुंबरबाई. बोरी नदीच्या अंगाला तिचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिचे भाऊबंद अजून तिथेच नांदतात आणि मला त्यांच्याशी नवी भांडणं उकरून काढायची नाहीत.

दिसायला बाई अगदी चारचौघींसारखी. काटक, सावळी, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मी खुर्ची पुढे केली, तर ती दाराजवळ भिंतीला पाठ टेकून खाली बसली. मला वाटलं खेड्यातली माणसं, संकोच असेल. पुढे कळलं की ती घरीदारी, देवळात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा अशीच बसायची. पाठीमागे भिंत हवी आणि दार नजरेसमोर हवं. विधवा झाल्यापासूनची ही सवय.

नवरा भिकन तापाने गेला तेव्हा ती विशीत होती. मूलबाळ नाही. वाटणीला आलेलं काळ्या मातीचं वावर, त्यात एक विहीर, आणि वावराला लागून दीर कौतिकचं वावर. कौतिकच्या वावरात विहीर नव्हती. एवढं सांगितलं की खानदेशातल्या माणसाला पुढचं सगळं कळतं. भिकनचे दिवस होतात न होतात तोच कौतिकने नांगर जुंपला आणि दोघांच्या मधला बांध कोरायला सुरुवात केली. आज नांगराचा एक तास आत, उद्या दुसरा. गावात कुणी काही बोललं नाही. एकट्या बाईचं वावर म्हणजे गावाला नेहमीच कुणाचंच नसल्यासारखं वाटतं, आणि मला या गोष्टीचा अजूनही संताप येतो.

झुंबरबाईला लहानपणी तिच्या आजोबांनी वाढवलं होतं. भाईदास त्यांचं नाव. तरुणपणी बरीच वर्षं गावाबाहेर काढून आलेला माणूस. कुठल्याशा गोऱ्या साहेबाकडे नोकरीला होतो, शिकारीला त्याच्याबरोबर जायचो, असं तो सांगायचा आणि लोक ऐकायचे. नातीचं कळल्यावर म्हातारा तिच्या घरी आला, दोन दिवस राहिला, आणि जाताना फडक्यात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर तिच्या मांडीवर ठेवून गेला. पुढच्याच वर्षी तो वारला. तिला माहेरचं म्हणून मिळालं ते एवढंच.

त्यानंतर कौतिक नांगर घेऊन आला त्या दिवशी झुंबरबाई बांधावर उभी होती. तिने ते कुणावर रोखलं नाही. नुसतं हातात धरून उभी राहिली, नळी मातीकडे करून. कौतिकने बैल वळवले. त्या वर्षीच्या दसऱ्याला तिने अंगणात पाट मांडला, पाटावर विळा, कुऱ्हाड, पांभरीचा फाळ ठेवला आणि मधोमध ते रिव्हॉल्व्हर. त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला, फूल वाहिलं. आपट्याची पानं द्यायला आलेला सगळा गाव पाटाला हात जोडून गेला. हात लावायची मात्र कुणाची छाती झाली नाही. देवाला फासलेला शेंदूर आहे, तिच्याशिवाय कुणी शिवायचं नाही, असा तिचा दंडक होता.

दर दसऱ्याला नवा थर चढत गेला. वेशीशी बसवलेल्या म्हसोबाचं रूप जसं हळूहळू शेंदरात बुडून जातं तसं ते रिव्हॉल्व्हरही बुडालं. दस्ता, चाक, नळी, सगळं नारिंगी. आणि बांध जागचा हलला नाही. गावात भांडण झालं की लोक म्हणायचे, झुंबरबाईच्या वाटेला जाऊ नका, तिच्याकडे पिस्तूल आहे. एका बाईने पंधराएक वर्षं निव्वळ एका वस्तूच्या जोरावर शेती केली. गहू, हरभरा, कपाशी, सगळं स्वतः. मला तिचं कौतुक वाटतं, आणि तेव्हाही वाटलं होतं.

अडुसष्टच्या दसऱ्याला हे सगळं मोडलं. कौतिकचा मेहुणा धुळ्यात राहायचा. त्याने त्याला शहाणपण शिकवलं की घरात हत्यार ठेवायला परवाना लागतो, आणि झुंबरबाईकडे परवाना असणं शक्य नाही. नांगराने जमलं नाही ते अर्जाने जमवायचं ठरलं. दसऱ्याच्या दिवशी, ऐन पूजेच्या वेळी, फौजदार दोन शिपाई घेऊन अंगणात हजर झाला. सगळा गाव जमलेलाच होता.

फौजदार पाटाकडे वाकला तशी झुंबरबाई मध्ये आली.

“साहेब, हाऊ देव शे. बूट काढा, मंग हात लावा.”

फौजदाराने बूट काढले. मला हे ऐकूनच हसू आलं होतं, पण त्या वेळी तिथे कुणी हसलं नाही. कौतिक पंच म्हणून पुढे होता. फौजदाराने रिव्हॉल्व्हर उचललं तसा तो मागे सरला आणि म्हणाला, “साहेब, जपीसन धरा. भरेल व्हई ते.” भरलेलं असेल म्हटल्याबरोबर सगळं अंगण रिकामं झालं. फौजदारानेही मग फार तपासणी केली नाही. ते तसंच कापडात गुंडाळलं, सुतळी बांधली, गाठीवर लाख वितळवून शिक्का मारला. पंचांचे अंगठे झाले. झुंबरबाईला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. ती गावी न जाता सरळ माझ्याकडे आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की गल्ली नंबर चारमधला मारवाडी वकील ओरडत नाही. हे साफ खोटं आहे. मी ओरडतो.

आता माझ्याबद्दल दोन शब्द. मी निर्मलकुमार. आमचं कापडाचं दुकान जळगावात, माझे वडील मोहनलालजी गादीवर बसायचे. आम्ही जैन. घरात मुंगी चिरडली तरी आई दिवसभर हळहळायची. अशा घरातल्या मुलाकडे हत्याराचा खटला यावा याची वडिलांनी सगळ्या बाजारात थट्टा केली. मी तोवर बंदूक पाहिली होती ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर.

झुंबरबाईला मी पहिला प्रश्न विचारला, “अक्का, ते चालतं का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुमले काय वाटस?”

“मला काही वाटून उपयोग नाही. कोर्ट विचारेल.”

“मंग कोर्टले सांगसू,” ती म्हणाली आणि उठली. मला राग आला. अशील वकिलापासून लपवायला लागला की मी फाइल बांधून ठेवतो. पण या बाईची फाइल मी बांधली नाही.

पोलिसांनी रिव्हॉल्व्हर तपासणीसाठी हेडक्वार्टरला पाठवलं होतं. तिथलं शस्त्रागार धनसिंग हवालदार सांभाळायचा. धनसिंग पक्का देवीभक्त, दर वर्षी पायी वणीला जाणारा. त्याने पुडकं सोडलं, आत शेंदूर दिसला, आणि टोपी काढून हात जोडले. शेंदूर खरवडायला तो तयार झाला नाही. त्याने अहवाल दिला की वस्तू रिव्हॉल्व्हर दिसते, जुन्या बनावटीची आहे, शेंदराच्या थरामुळे नळी तपासता आली नाही, आत गोळ्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुडकं पुन्हा शिक्का मारून कोर्टात जमा. दुसऱ्या कुठल्या मुलखात असा अहवाल निघाला असता असं मला वाटत नाही.

पण वकिलाला अशी फट म्हणजे पर्वणी. मी कोर्टाकडे मुद्देमाल बघण्याची परवानगी मागितली. मिळाली.

कोर्टाचा मुद्देमाल सांभाळणाऱ्या नाझराच्या खोलीत आम्ही तिघे. नाझर, धनसिंग आणि मी. नाझराने लाख फोडली, कापड उलगडलं आणि टेबलापासून दूर खिडकीशी जाऊन उभा राहिला. धनसिंग मला म्हणाला, “वकीलसाहेब, नळीसमोर उभं राहू नका. हात लावू नका. जुन्या मालाचा भरवसा नसतो, नुसत्या धक्क्याने उडतो.” आणि तो स्वतः लोखंडी कपाटाच्या आडोशाला गेला.

टेबलावर ते पडलं होतं. नारिंगी, ओबडधोबड, जिवंत असल्यासारखं. मी घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. खोलीत पंखा बंद होता आणि माझ्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी बाजूने वाकून पाहिलं. नळीच्या तोंडावर शेंदराचा जाड टवका बसला होता, बाटलीच्या बुचासारखा. कोपऱ्यात केरसुणी होती. मी तिची एक काडी मोडून घेतली.

“काय करताय?” कपाटामागून धनसिंग म्हणाला.

“काही नाही. बघतोय.”

मी काडी टवक्याच्या कडेला लावली. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. टवका हलला. टवका टेबलावर पडला, अगदी हलका आवाज झाला, आणि धनसिंग कपाटामागे खाली बसला. काहीच उडालं नाही. मी काडी नळीत घातली. ती नखाएवढी आत गेली आणि थांबली. पुन्हा घातली. पुन्हा तिथेच थांबली. आत भोक नव्हतं. नळी भरीव लोखंडाची होती, तोंडाशी नुसता खळगा कोरलेला.

मग मी धीर करून चाकाकडे पाहिलं. शेंदराच्या भेगेतून दिसत होतं तेवढं पुरे होतं. गोळ्यांची घरं म्हणजे नुसते खळगे. घोड्याखाली एक छोटी खुंटी, पोरं दिवाळीत टिकल्या फोडतात तसली टिकली ठेवण्यापुरती. या वस्तूतून आवाज आणि धूर यापलीकडे कधी काही निघालं नव्हतं आणि निघणार नव्हतं.

मी टवका उचलून थुंकी लावून परत बसवला. धनसिंगला काही बोललो नाही. वकिलाने आपला पत्ता आधी दाखवायचा नसतो. नाझराने नवा शिक्का मारला. त्याच दुपारी मी अर्ज दिला की मुद्देमाल खुल्या कोर्टात, सर्वांसमक्ष, शेंदूर खरवडून तपासावा. न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला. पुढच्या तारखेला धनसिंगने रॉकेल आणि खरवडणी घेऊन हजर राहावं असा हुकूम झाला. मी जिन्यावरून उतरताना शीळ घालत होतो.

झुंबरबाई तारखेसाठी आली होती, आवारातल्या निंबाखाली खोडाला पाठ लावून बसली होती. मी तिच्यापाशी उकिडवा बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. अक्का, ते हत्यारच नाही. त्याला परवाना लागत नाही. पुढच्या तारखेला सगळ्या कोर्टासमोर शेंदूर निघेल, आणि तुम्ही सुटलात.

तिचा चेहरा उतरला. मी आयुष्यात कितीतरी माणसांना शिक्षा ऐकताना पाहिलंय, पण असा चेहरा मी सुटकेची बातमी ऐकताना एकदाच पाहिला.

“कोर्टमा कोन कोन येई?”

“कोणीही येऊ शकतं. कौतिक तर पंच आहे, येणारच. गावातलेही येतील.”

“बठ्ठा गाव येई,” ती म्हणाली. “निर्मलभाऊ, हाई काय करं तुमी? माले सोडावाकरता माले उघडी पाडी राहिनात.”

तिला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. म्हातारा भाईदास कुठल्याच साहेबाकडे नव्हता. तो एका फिरत्या नाटक कंपनीत गॅसबत्त्या पेटवायचा आणि पेट्या उचलायचा. अमळनेरच्या मुक्कामात कंपनी बुडाली, मालक पळून गेला, आणि नोकरांच्या हाती जे लागलं ते त्यांनी घेतलं. कुणी पडदा नेला, कुणी राजाचा मुकुट. भाईदासच्या हाती हे आलं. नाटकात काम केलं हे गावात सांगायची लाज, म्हणून साहेबाची गोष्ट. नातीला देताना मात्र तो खरं बोलला होता. ते शब्द तिने मला जसेच्या तसे सांगितले.

“आजा बोलना, पोरी, हाई माराकरता नही, दखाडाकरता शे.”

दसऱ्याचा शेंदूर तिने का सुरू केला तेही मला तेव्हा कळलं. कुणी नळीत डोकावू नये म्हणून. भक्ती नव्हती असं नाही, पण भक्तीच्या आडोशाला तिने तोंड बंद करून टाकलं होतं. नळीचं आणि गावाचंही.

मी तिला समजावू लागलो. आता कायदा बाईच्या बाजूने आहे. वावर तुमच्या नावावर आहे. सरकारी मोजणी मागवू, खुणेचे दगड रोवू, कौतिकने बांधाला हात लावला तर मी त्याला कोर्टात खेचतो.

“मोजनीवाला एक दिन र्‍हास,” ती म्हणाली. “कौतिक बारा महिना र्‍हास.”

“म्हणजे तुम्हाला सुटायचं नाही?”

“सुटीसन मी जासू कोठे? त्याच वावरमा ना? ते लोखंड पोकळ नही हाई त्यासले समजनं का मंग रात काय, दिन काय. एवढा वरीस ज्या भ्यायनात त्या बठ्ठा हासतीन. हासनारा मानूस काय बी करस, भाऊ.”

मी ओरडलो. निंबाखालची चार माणसं वळून बघायला लागली इतकं ओरडलो. तिने मला ओरडू दिलं. मग विचारलं, ते पुडकं उघडू नये म्हणून काय करता येईल.

मी सांगणार नव्हतो. पण तिने विचारलं आणि मी वकील होतो, उत्तर मला पाठ होतं. आरोपीने गुन्हा कबूल केला की साक्षीपुरावा होत नाही. साक्षीपुरावा नाही तर मुद्देमाल उघडायचं कारण उरत नाही. पण मग शिक्षा होते. तुरुंग होऊ शकतो.

“व्हवू द्या,” ती म्हणाली.

तारखेपर्यंत मी नीट झोपलो नाही. जळगावला गेलो तेव्हा वडिलांना विचारलं, नाव न घेता. एखाद्याने न केलेला गुन्हा कबूल करायचं म्हटलं तर वकिलाने काय करावं. वडील म्हणाले, तो माणूस वेडा आहे का. मी म्हटलं, नाही, फार शहाणा आहे. वडील म्हणाले, मग मला का विचारतोस, त्यालाच विचार. याहून जास्त मदत मला कुणी केली नाही.

तारखेला कोर्ट खच्चून भरलं होतं. झुंबरबाई म्हणाली होती तसा खरोखरच गाव लोटला होता. दारात, खिडक्यांत माणसं. कौतिक पहिल्या बाकावर, नवीन टोपी घालून, शेजारी मेहुणा. पुढच्या टेबलावर शिक्क्याचं पुडकं, बाजूला रॉकेलचा डबा, आणि धनसिंग हातात खरवडणी घेऊन उभा, सासरी निघालेल्या मुलीसारखा रडवेला.

न्यायाधीश बसले. मी उठून म्हणालो की आरोपीला गुन्हा कबूल आहे आणि मी माझा अर्ज मागे घेतो.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “वकीलसाहेब, गेल्या तारखेला तुम्हीच म्हणालात की वस्तू तपासा. आज म्हणता गुन्हा कबूल. मध्ये काय घडलं?”

मी म्हटलं, आरोपीची तशी सूचना आहे.

“मग माझ्या समाधानासाठी मी ते उघडून बघतो,” ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. शिपायाने पुडकं उचलून त्यांच्या टेबलावर ठेवलं. पहिल्या बाकावर कौतिक पुढे सरसावला. सगळं संपलं असं मला वाटलं. गुन्हा कबूल करून तुरुंगही होणार आणि गुपितही फुटणार.

न्यायाधीशांचं बोट सुतळीच्या गाठीवर होतं. त्यांनी पिंजऱ्याकडे बघून विचारलं, “बाई, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?”

“नही, साहेब.”

“हे हत्यार चालतं का?”

खोटं बोलावं तर शपथ नव्हती पण तिचा देव होता. खरं बोलावं तर वावर गेलं. झुंबरबाईने पिंजऱ्याचा कठडा धरला. भिंत तिथे नव्हती, पाठीमागे सगळा गाव होता.

“साहेब, ते चालस का नही हाई माले गावमा आजपावत कोनी इचारं नही,” ती सावकाश म्हणाली. “मनं वावर वाची गयं, एवढंच माले माहीत शे. ज्यासले भेव वाटनं, त्यासले इचारा.”

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं. मग पहिल्या बाकाकडे पाहिलं. फिर्यादीच्या कागदावर कौतिकचं नाव होतं, नातं होतं, वावराच्या चतुःसीमाही होत्या. मला वाटतं त्यांनी ते सगळं तेव्हा पुन्हा वाचलं, कारण बराच वेळ त्यांचं डोकं खाली होतं. गाठीवरचं बोट त्यांनी कधी काढलं ते मला दिसलंच नाही. दिसलं तेव्हा ते लिहीत होते.

सवयीप्रमाणे मी दयेसाठी उठलो. आरोपी बाई आहे, विधवा आहे, पहिलाच गुन्हा आहे, समज देऊन सोडावं, असं म्हणणारच होतो. पिंजऱ्यातून झुंबरबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी कोटाची बटणं चाचपून खाली बसलो.

दोन महिने साधी कैद. हत्यार सरकारजमा. पुडकं तसंच, न फोडता, धनसिंगच्या ताब्यात गेलं. त्याने ते शस्त्रागारात उंच फळीवर ठेवलं आणि पुढे कधी तिकडे हात नेला नाही. न्यायाधीशांना कळलं होतं का, हा प्रश्न मी त्यांना कधीच विचारला नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात.

ती तुरुंगात गेली आणि माझी खरी झोप तेव्हा उडाली. वावर मोकळं होतं. गहू उभा होता, हरभरा घाट्यांवर आला होता, विहिरीला पाणी होतं, आणि राखायला कुणी नव्हतं. कौतिकला हवं होतं तेच झालं होतं. मी तुरुंगात भेटायला गेलो तेव्हा ती वावराबद्दल एक शब्द बोलली नाही. माझ्याच तब्येतीची चौकशी केली.

सुटायच्या दिवशी मी तुरुंगाच्या दाराशी उभा होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, अशिलाच्या मागे वकिलाने गावोगाव फिरायचंही नसतं. पण तिला एकटीला त्या बांधावर पाठवणं माझ्याच्याने होईना. एसटीने फाट्यावर उतरलो आणि चालत निघालो. ती पुढे, मी मागे. रस्ता संपेना. मी मनात भांडणाची तयारी करत होतो, कौतिक नांगराचे किती तास आत आला असेल, कुठली कलमं लावायची.

वावर दिसलं तशी ती थांबली. बांध जागच्या जागी होता. गव्हाची कापणी झाली होती, पेंढ्या नीट रचून वर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. गुरं फिरकल्याची खूण नव्हती. बांधापलीकडे कौतिक उभा होता. आम्हाला बघून त्याने डोक्याचं उपरणं सारखं केलं.

“वैनी, उनी का,” तो म्हणाला. “गहू पिकी गयथा, कापी लिधा. तुमनाच शे बठ्ठा. एक दाना हालायेल नही.”

त्याच्या आवाजात माया नव्हती, भीती होती. सरकारने जिला पिस्तुलापायी कोंडलं, जिने भर कोर्टात मान खाली न घालता कबुली दिली, ती बाई परत येणार होती. ती परत आल्यावर काय करेल याचा विचार त्याने दोन महिने केला होता.

झुंबरबाई पेंढ्यांकडे बघत राहिली. कौतिकला राहवेना. तो बांधाच्या अलीकडे येणार होता, पण पाऊल उचलून परत ठेवलं आणि तिथूनच विचारलं, “वैनी, ते पिस्तूल सरकारजमा व्हयनं म्हनतस. खरं का?”

“एक व्हयनं,” ती म्हणाली.

कौतिक तसाच मागे सरला, वळला आणि आपल्या वावरातून भराभर चालायला लागला. मला हसू फुटणार होतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि हसू जिरलं.

घरी पोचलो. तिने दार उघडलं, आत जाऊन भिंतीला टेकून बसली, आणि तिचे हात थरथरायला लागले. आधी हात, मग खांदे. मी माठातलं पाणी बघितलं, माठ कोरडा होता. शेजारून तांब्या मागून आणला. तिला तो धरता येईना, म्हणून मी धरला. बायकांचं रडणं मी खूप पाहिलंय, पण ही रडत नव्हती. ती दमली होती. इतकं दमलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

“निर्मलभाऊ,” ती पाणी पिऊन म्हणाली, “आजानं एक पिस्तूल सांभाळता सांभाळता मनी जवानी गयी. आते जे नहीच, ते मरापावत सांभाळनं शे.”

शेवटची एसटी गाठायची होती म्हणून मी उठलो. मी ओसरी उतरलो तेव्हा तिने आतून कडी घातली, आणि ती लागली का ते दार ओढून दोनदा बघितलं.